किडनीतल्या गाठीचा प्रकार रक्तातल्या मायक्रोआरएनए टेस्टने कळतो का? बाबांची बायोप्सी 'ऑन्कोसायटिक' आलीये

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

बाबा ६६ वर्षांचे, कोल्हापूरला असतात, शुगर खूप वर्षांपासूनची आहे आणि क्रिएटिनिन १.६ च्या आसपास असतं. पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीत गाठ दिसली, मग सीटी झाला, गाठ ३.१ सेंटिमीटर, बाकी कुठे काही पसरलेलं नाही. त्रास काहीच नाही त्यांना. युरोलॉजिस्ट म्हणाले की शुगर आणि क्रिएटिनिन बघता किडनी जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवायचीय, म्हणून डायरेक्ट ऑपरेशन न करता आधी सुईने बायोप्सी करू. ती केली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: लो ग्रेड ऑन्कोसायटिक रीनल निओप्लाझम, ऑन्कोसायटोमा की क्रोमोफोब रीनल सेल कार्सिनोमा हे या नमुन्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

आता यातली ऑन्कोसायटोमा ही साधी गाठ आणि क्रोमोफोब हा कॅन्सर, एवढं मला कळलं. आई तेव्हापासून धड जेवत नाहीये. त्यातच एका लॅबचा माणूस भेटला, तो म्हणतो बायोप्सीची गरजच नव्हती, नुसतं रक्त द्या, मायक्रोआरएनए पॅनल करतो, किडनी कॅन्सरचा कुठला प्रकार आहे ते कळून जाईल. रक्कम चांगलीच मोठी सांगितली. पैशाचं मी बघेन, पण ही टेस्ट खरंच असं सांगू शकते का? की नुसतंच नवीन आहे म्हणून विकतायत? नेटवर वाचलं तर शंभर पेपर दिसतात, सगळे म्हणतात ९० टक्के, ९५ टक्के अचूक. मग डॉक्टर का करायला सांगत नाहीत हे मला समजत नाहीये. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सांगली-मिरज भागात काम करते. स्लाइड न बघता निदान सांगणार नाही, ते योग्यही नाही. पण रिपोर्टची भाषा समजावून सांगते, कारण 'खात्रीने सांगता येत नाही' हे वाक्य वाचून घरचे लोक हादरतात आणि त्यांना वाटतं की रिपोर्ट करणाऱ्याला जमलं नाही. तसं नसतं. या दोन गाठींच्या बाबतीत प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट बरेचदा असंच लिहितो.

दोन्हींच्या पेशी गुलाबी आणि दाणेदार दिसतात. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात म्हणून तो रंग येतो आणि क्रोमोफोबचा जो इओसिनोफिलिक प्रकार आहे तो जवळपास तसाच दिसतो. ऑपरेशन करून अख्खी गाठ समोर आली की मधला व्रण आहे का, पेशी बेटांसारख्या विखुरल्यात की सलग पत्र्यासारख्या पसरल्यात, केंद्रकं सुरकुतलेली आहेत का, त्याभोवती पांढरं वलय आहे का, हे सगळं चार ठिकाणचे तुकडे घेऊन बघता येतं. सुईने आलेला नमुना जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो, त्यात गाठीचा एक कोपराच दिसतो. शिवाय एकाच गाठीत दोन्हींची लक्षणं असलेल्या हायब्रिड गाठीही असतात. त्यामुळे एका कोपऱ्यावरून 'शंभर टक्के ऑन्कोसायटोमा' असं लिहून द्यायला कुणी धजावत नाही, आणि धजावूही नये.

आता मला तुमच्याकडून एक माहिती हवीये. रिपोर्टमध्ये इम्युनो केलंय का, म्हणजे आयएचसी, पेशींतली ठरावीक प्रोटीनं रंगवून बघायची तपासणी? सीके७, सीडी११७, व्हायमेंटिन ही नावं कुठे दिसतायत का? सीडी११७ ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब दोन्हींत पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे तो या दोघांना वेगळं करत नाही, पण क्लिअर सेल आणि पॅपिलरी या किडनी कॅन्सरच्या दुसऱ्या दोन प्रकारांपासून या जोडीला बाजूला काढायला उपयोगी पडतो. या दोघांना वेगळं करायला जास्त कामाचा सीके७, तो क्रोमोफोबमध्ये बहुतेक वेळा भरपूर पेशींत येतो आणि ऑन्कोसायटोमात इकडेतिकडे एखाद-दुसऱ्या पेशीत. हेलचं कोलॉइडल आयर्न स्टेन पण जुनंच पण चांगलं आहे, फक्त सगळीकडे नीट होत नाही. आणि सीके७ पॉझिटिव्ह पण सीडी११७ निगेटिव्ह असं आलं तर आणखी एक तिसरी शक्यता उभी राहते, लो ग्रेड ऑन्कोसायटिक ट्यूमर, २०२२ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात 'इतर ऑन्कोसायटिक गाठी' या गटात तिला जागा मिळालीये आणि तिची वागणूक सौम्य असते.

अजून एक विचारते, घाबरू नका, विचारायचं असतं म्हणून विचारतेय. गाठ एकच आहे ना? चेहऱ्यावर, नाकावर बारीक घट्ट पुळ्या, किंवा घरात कुणाचं फुफ्फुस अचानक फुटून हवा भरली होती असं काही? असेल तर बर्ट-हॉग-ड्युबे नावाचा आनुवंशिक प्रकार बघावा लागतो, त्यात अशा गाठी येतात.

मायक्रोआरएनएबद्दल मी थोडंच सांगू शकेन, आमच्या रोजच्या कामात ते नाही. इथे संशोधनातले लोक आहेत ते सांगतील.

नेफ्रॉनवाला

डॉक्टरांनी पाया घालून दिलाय, मी मायक्रोआरएनएचं सांगतो, पीएचडी याच विषयाच्या आसपास केलीये म्हणून जरा सविस्तर.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचे आरएनएचे छोटे तुकडे. त्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, ते दुसऱ्या मेसेंजर आरएनएला जाऊन चिकटतात आणि त्याचं प्रोटीन बनणं दाबतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत पहिला सापडला, लिन-४, आणि त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की प्रत्येक प्रकारच्या पेशीत कुठले मायक्रोआरएनए जास्त आणि कुठले कमी याचा ठरलेला नमुना असतो, आणि पेशीची गाठ झाली तरी ती कुठून आली याच्या खुणा त्या नमुन्यात बऱ्याच अंशी टिकून राहतात.

आणि किडनीच्या गाठींत 'कुठून आली' हाच तर खरा फरक आहे. क्लिअर सेल आणि पॅपिलरी या गाठी नेफ्रॉनच्या, म्हणजे किडनीतल्या गाळणी-नळीच्या, सुरुवातीच्या भागातून, म्हणजे प्रॉक्झिमल नळीतून येतात असं मानतात, आणि क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा शेवटच्या भागातल्या इंटरकॅलेटेड पेशींमधून. म्हणजे तुमच्या बाबांच्या रिपोर्टमधल्या दोन शक्यता एकाच घरातल्या आहेत, म्हणूनच त्यांना वेगळं करणं एवढं कठीण जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१० मध्ये इस्रायलमधल्या गटाने एक अभ्यास छापला जो मला आजही या विषयात सगळ्यात स्वच्छ वाटतो. त्यांनी ७१ गाठींचे मेणातले जुने ब्लॉक घेतले, ९०० हून जास्त मायक्रोआरएनए मोजले, आणि शेवटी फक्त सहा वापरून दोन पायऱ्यांचा निर्णय बसवला. पहिल्या पायरीला मिर-२१० आणि मिर-२२१ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा नंबर), त्यावरून क्लिअर सेल-पॅपिलरी ही जोडी एकीकडे आणि क्रोमोफोब-ऑन्कोसायटोमा ही जोडी दुसरीकडे. मग पहिली जोडी असेल तर मिर-३१ आणि मिर-१२६, दुसरी असेल तर मिर-२००सी आणि मिर-१३९-५पी. वेगळ्या ५४ पेशंटच्या गाठींवर तपासलं तेव्हा ९३ टक्के बरोबर आलं, म्हणजे पन्नासएक बरोबर आणि चारेक चूक.

मला तो का आवडतो तर त्यातले आकडे आंधळे नाहीत, मागचं कारण दिसतं. क्लिअर सेलमध्ये तिसऱ्या क्रोमोसोमचा छोटा हात गळतो आणि व्हीएचएल जीन बंद पडतो. व्हीएचएलचं काम असतं हिफ नावाच्या प्रोटीनला वेळेवर मोडून टाकणं, ते थांबलं की पेशीला ऑक्सिजन असूनही वाटतं की ऑक्सिजन कमी पडतोय, आणि अशा वेळी हिफ जे जे चालू करतं त्यात मिर-२१० अगदी पुढे असतो. म्हणून तो क्लिअर सेलमध्ये चढलेला. मिर-१२६ ची गोष्ट तर अजून छान आहे, तो मुळात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा. हिफमुळे व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन वाढतं, क्लिअर सेल गाठीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं होतं, आणि तुकडा घेतला की त्यात गाठीच्या पेशींबरोबर त्या वाहिन्यांच्या पेशीही येतात, त्यांचाच मिर-१२६ मशीन मोजतं. पॅपिलरीत तेवढं जाळं नसतं. म्हणजे यातला एक मार्कर गाठीच्या पेशींचा नाहीच, तिच्या शेजाऱ्यांचा आहे, तरी काम करतो. क्लिअर सेलमध्ये मिर-१४१ आणि मिर-२००सी साध्या किडनीच्या तुलनेत खाली आलेले असतात हेही अनेक गटांना सापडलंय, ते झेब नावाच्या प्रोटीनला आवरून धरतात, ते खाली आले की झेब मोकळं सुटतं आणि पेशी एकमेकींना धरून राहायचं सोडतात.

अजून एक सोय म्हणजे हे तुकडे इतके छोटे आणि प्रोटीनला घट्ट धरून असतात की फॉर्मालिन आणि मेणात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ब्लॉकमधूनही मोजता येतात. मोठा मेसेंजर आरएनए तिथे तुकडे तुकडे होऊन जातो.

तर पंचगंगाकाठ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं: गाठीच्या तुकड्यातून मायक्रोआरएनए मोजून प्रकार बऱ्यापैकी ओळखता येतो, ही थाप नाही. पण ते तुकड्यावर आहे, रक्तावर नाही. आणि तुकड्यावरचीही टेस्ट आज दवाखान्यात रुटीन नाही, मोठ्या गाइडलाइन्समध्ये तिची शिफारस नाही. त्या इस्रायली कामात रोझेटा जिनोमिक्स कंपनी होती, तिने किडनीची टेस्ट बाजारातही आणली होती, कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. विज्ञान चुकीचं होतं म्हणून नव्हे, पण चांगला पेपर आणि हाताशी मिळणारी टेस्ट यात किती अंतर असतं ते यावरून कळतं.

पंचगंगाकाठ

दोघांचे मनापासून आभार, इतकं कुणी समोर बसूनही समजावलं नव्हतं. डॉक्टर, इम्युनोचं नाव रिपोर्टमध्ये कुठेच नाही, फक्त एच अँड ई, म्हणजे नेहमीचा साधा रंग, लिहिलंय. गाठ एकच आहे, पुळ्या वगैरे नाहीत, फुफ्फुसाचं कुणाचं काही नाही.

पण मला हे कळलं नाही की तुकड्यात जे दिसतं ते रक्तात का दिसू नये? तो लॅबवाला हेच म्हणत होता की गाठ आपले मायक्रोआरएनए रक्तात सोडते.

पीसीआरताई

याचं उत्तर मी देते, कारण आमचं रोजचं भांडण याच गोष्टीशी असतं. मी मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, प्लाझ्मामधले, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवातले, मायक्रोआरएनए मोजायचं काम करते.

लॅबवाला म्हणाला ते खोटं नाहीये. गाठ सोडते. पण किडनी, लिव्हर, स्नायू, रक्तवाहिन्या सगळेच सोडतात, आणि सगळ्यात जास्त आवाज रक्तातल्या पेशींचाच असतो. लाल पेशींत मिर-४५१ए, मिर-१६, मिर-४८६ नुसते भरलेले असतात. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, ट्यूब जोरात हलवली, सेंट्रिफ्यूज करायला उशीर झाला की थोड्या लाल पेशी फुटतात आणि हे आकडे उसळी मारतात. डोळ्याला प्लाझ्मा स्वच्छ पिवळा दिसत असतो तरी. म्हणून आम्ही मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांचा फरक काढून आधी नमुना खराब झालाय का ते बघतो आणि खराब असेल तर सरळ फेकून देतो. हेपरिनची ट्यूब तर चालतच नाही, पीसीआर (ज्या पद्धतीने आम्ही हे मोजतो ती) अडतो, ईडीटीएची ट्यूब लागते. मग कशाच्या तुलनेत मोजायचं हाही एक न सुटलेला प्रश्न, टिश्यूत यू६ नावाचा छोटा आरएनए वापरतात, रक्तात ते भरवशाचं नाही, प्रत्येक गट आपापलं काहीतरी वापरतो आणि म्हणून एका गटाचा आकडा दुसऱ्याला येत नाही. त्या लॅबवाल्याला हे नक्की विचारा की कुठली ट्यूब, किती वेळात प्लाझ्मा वेगळा करता, हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटल्यात का, ते तपासता का, आणि कशाने नॉर्मलाइज करता, म्हणजे कशाच्या तुलनेत मोजता. चार प्रश्नांत कळेल समोर कोण आहे ते.

आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत अजून एक अडचण आहे. शुगर खूप वर्षांची, क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनी आधीच दुखावलेली आहे. कॅन्सरच्या पॅनलमध्ये हमखास असणारा मिर-२१ किडनीत फायब्रोसिस (व्रणासारखं कडक होणं) होत असतानाही वाढतो. मिर-२१० तर कुठेही ऑक्सिजन कमी पडला की वाढतो. निरोगी तरुण लोकांशी तुलना करून बनवलेली टेस्ट शुगरवाल्या ६६ वर्षांच्या माणसाला लावली तर ती नक्की काय मोजतेय, गाठ की जुनी शुगर?

एक खरं उदाहरण देते. रक्तातला मिर-१२३३ किडनी कॅन्सरचा मार्कर म्हणून २०११ मध्ये आला होता. पहिल्या छोट्या गटात छान दिसला, मग त्याच लोकांनी प्रामाणिकपणे अनेक केंद्रांतले ८४ पेशंट आणि ९३ निरोगी लोक घेऊन तपासलं तर सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती पकडले) ७७.४ टक्के आणि स्पेसिफिसिटी (निरोगी लोकांपैकी किती जणांना बरोबर निरोगी म्हटलं) ३७.६ टक्के. म्हणजे शंभर निरोगी लोकांना लावली तर बासष्ट-त्रेसष्ट जणांना उगाच 'पॉझिटिव्ह' म्हणणार! आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे, त्यांनी ऑन्कोसायटोमा आणि अँजिओमायोलायपोमा (दुसरी एक साधी गाठ) असलेले थोडे पेशंट पण घेतले होते, त्यांची पातळी कॅन्सरवाल्यांसारखीच निघाली. तुम्हाला नेमका जो फरक हवाय तोच दिसला नाही.

मायक्रोआरएनए रक्तात कधीच चालत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नका, मला राग येतो. वृषणाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये मिर-३७१ए-३पी बघा, २०१९ च्या अभ्यासात ६१६ पेशंट, सेन्सिटिव्हिटी ९०.१ आणि स्पेसिफिसिटी ९४ टक्के. का चाललं? कारण तो भ्रूणाच्या पेशींचा मायक्रोआरएनए आहे, मोठ्या माणसाच्या शरीरात इतरत्र कुठे तो जवळपास नसतोच, मग रक्तात दिसला की तो गाठीचाच. किडनीच्या गाठींना असा एकटा, दुसऱ्या कुणाचा नसलेला मायक्रोआरएनए मिळालेला नाही. मिळावा म्हणून आम्ही सगळे झटतोय.

ठाणेकर_७१

मी डॉक्टर नाही, पेशंटचा नातेवाईक. माझ्या सासूबाईंना अशीच छोटी गाठ आहे, वय जास्त आणि हार्टचा त्रास म्हणून ऑपरेशन न करता लक्ष ठेवून आहेत, ठराविक अंतराने स्कॅन करतात. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की चार सेंटिमीटरच्या आतल्या गाठी सरासरी वर्षाला तीनेक मिलिमीटर वाढतात आणि लक्ष ठेवलेल्यांमध्ये पसरायचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात असतं. म्हणजे तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. तुमच्या बाबांना हाच सल्ला लागू पडेल असं नाही, पण लॅबवाला 'उद्याच द्या' म्हणतोय म्हणून उद्याच द्यायची गरज नाही. आईंना तेवढं नक्की सांगा. आणि सेस्टामिबी स्कॅनबद्दल पण विचारून बघा, आमच्याकडे त्याचं नाव निघालं होतं.

सूक्ष्मदर्शी

ठाणेकरांनी चांगलं आठवण करून दिलं. सेस्टामिबी म्हणजे हार्टच्या न्यूक्लिअर स्कॅनला जे टेक्निशियमचं औषध देतात तेच. ते मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं, ऑन्कोसायटोमा मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला, म्हणून स्कॅनमध्ये गाठ उजळते. क्लिअर सेल सहसा उजळत नाही. हायब्रिड गाठी उजळतात आणि क्रोमोफोबही कधी कधी थोडा उजळतो, त्यामुळे एकट्या स्कॅनवर निर्णय नको, पण बायोप्सीच्या जोडीला चांगला पुरावा होतो. न्यूक्लिअर मेडिसिन जिथे आहे आणि किडनीसाठी हा स्कॅन वाचायची सवय आहे तिथेच करा.

इम्युनो झालेलंच नाही हे वाचून बरं वाटलं खरं तर, कारण म्हणजे सगळ्यात सोपी पायरी अजून शिल्लक आहे. रक्ताच्या टेस्टचे पैसे बाजूला ठेवा. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक त्या लॅबकडे आहे, तो तुमचा आहे, मागून घ्या आणि किडनीच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे रिव्ह्यूला द्या. मुंबईत टाटा मेमोरियलला बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉकचा रिव्ह्यू होतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. या दोन्ही शक्यता धरल्या तरी तुमचे बाबा त्यातल्या त्यात बऱ्या बाजूला आहेत. छोटा, लो ग्रेड क्रोमोफोब काढल्यावर बहुतेकांमध्ये परत येत नाही. प्रकाराचं नाव माहीत असण्याचा मोठा फरक पडतो तो क्लिअर सेलमध्ये, ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का हा प्रश्न त्याच प्रकारात आणि तोही जास्त धोक्याच्या गाठीत येतो, आणि पसरलेला असेल तर औषधांची निवड प्रकारावर ठरते. तुमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे, लक्ष ठेवून थांबायचं की गाठीपुरता भाग काढायचा. तो युरोलॉजिस्ट, नेफ्रोलॉजिस्ट आणि बाबा यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे.

एमएस्सी_वाली

मध्येच घुसते, माफ करा. मी पुण्यात बायोटेक एमएस्सी करतेय आणि प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा विचार होता, टीसीजीए या कॅन्सरच्या जनुकीय माहितीच्या मोठ्या संग्रहाचा डेटा घेऊन मशीन लर्निंगने मायक्रोआरएनएवरून किडनी कॅन्सरचे प्रकार ओळखायचे. सीनियर म्हणाले ९८ टक्के अ‍ॅक्युरसी सहज येते. वरचं सगळं वाचून आता वाटतंय की यात अर्थ आहे का?

नेफ्रॉनवाला

अर्थ आहे, घे हा विषय, पण डोळे उघडे ठेवून. टीसीजीएचे किडनीचे तीन प्रोजेक्ट आहेत, क्लिअर सेलचा २०१३ ला छापला, क्रोमोफोबचा २०१४ ला, पॅपिलरीचा २०१६ ला, आणि मायक्रोआरएनएचे काउंट पोर्टलवर सगळ्यांना मोकळे आहेत. क्लिअर सेलच्या गाठी पाचशेच्या वर, पॅपिलरी तीनशेच्या जवळपास आणि क्रोमोफोब फक्त ६६. आता तू असा मॉडेल बनवलास जो कुठलीही गाठ दिली तरी 'क्रोमोफोब नाही' एवढंच म्हणतो, तर त्याचीही अ‍ॅक्युरसी नव्वदच्या वर जाईल. म्हणून एकूण अ‍ॅक्युरसी लिहूच नकोस, प्रत्येक प्रकाराची वेगळी लिही, आणि मार्कर निवडणं क्रॉस व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून आळीपाळीने शिकवणं आणि तपासणं) आत कर, आधी सगळ्या डेटावर निवडून मग टेस्ट केलंस तर उत्तर आधीच फुटलेलं असतं. बरेच पेपर तिथेच घसरतात.

लेबलंही शंभर टक्के शुद्ध नाहीत, क्लिअर सेल म्हणून नोंदलेल्या काही गाठी नंतरच्या तपासणीत दुसऱ्याच प्रकारच्या निघाल्या, सुधारलेली यादी शोधून वापर. आणि जुन्या पेपरमधलं मिर-२१० म्हणजे आजचं मिर-२१०-३पी, नावं जुळवून घे नाहीतर अर्धे मार्कर 'सापडले नाहीत' असं वाटेल.

पण सगळ्यात मोठी गोष्ट, आणि या धाग्यात ती सांगायलाच हवी: त्या तिन्ही प्रोजेक्टमध्ये ऑन्कोसायटोमा नाही. कॅन्सरचाच डेटा गोळा केला, साधी गाठ घेतलीच नाही. म्हणजे टीसीजीएवर शिकलेला कितीही हुशार मॉडेल घेतला आणि त्याला पंचगंगाकाठ यांच्या बाबांची गाठ दाखवली, तर ती ऑन्कोसायटोमा असली तरी तो तिला कुठला तरी कॅन्सरच म्हणणार, बहुधा क्रोमोफोब, कारण त्याला ऑन्कोसायटोमा हे नावच माहीत नाही. दवाखान्यात जो प्रश्न खरंच अडतो तोच डेटात नाही आणि जो प्रश्न सोपा आहे, क्लिअर सेल की क्रोमोफोब, त्यावर ९८ टक्क्यांचे ढीगभर पेपर. तुला काही वेगळं करायचं असेल तर जिओ या जीनच्या डेटाच्या खुल्या डेटाबेसमध्ये ऑन्कोसायटोमा असलेले छोटे मायक्रोआरएनए डेटासेट शोध, नमुने कमी असतील, अ‍ॅक्युरसी कमी येईल, गाइड कुरकुर करतील, पण कुणाच्या तरी बाबांच्या कामाचं होईल ते.

एमएस्सी_वाली

ऑन्कोसायटोमाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. गाइडना हेच सांगते. धन्यवाद सर.

पंचगंगाकाठ

सगळ्यांना एकदमच लिहितो. लॅबवाल्याला पीसीआरताईंचे चारही प्रश्न विचारले, तो म्हणाला वरिष्ठांना विचारून सांगतो. मी नको म्हणून कळवलं. युरोलॉजिस्टना फोन केला, ते लगेच म्हणाले ब्लॉक रिव्ह्यूला पाठवू, इम्युनो करून घेऊ, सेस्टामिबीचंही बघू. आई काल नीट जेवली, ठाणेकर, तुमचा निरोप तिला वाचून दाखवला.

ब्लॉक मीच घेऊन मुंबईला जाणार आहे. बरोबर काय काय घेऊ आणि काय काळजी घेऊ?

सूक्ष्मदर्शी

ब्लॉक, झालेल्या सगळ्या स्लाइड, मूळ रिपोर्ट, सीटीची सीडी आणि सीटीचा रिपोर्ट. बाबांच्या आजारांचा एक कागद, त्यात शुगर आणि क्रिएटिनिन लिहा. लॅबकडून ब्लॉक घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतोय का तिथेच बघा, आणि मिळाल्याची पावती दोन्हीकडून घ्या, परत करताना लागते.

सुईचा नमुना आहे, टिश्यू थोडाच असतो. रिव्ह्यूच्या फॉर्मवर नमुना कमी आहे, ऑन्कोसायटिक गाठीचा प्रश्न आहे, असं युरोलॉजिस्टकडून लिहून घ्या, म्हणजे ते एकदाच कापून एच अँड ई आणि लागणाऱ्या सगळ्या इम्युनोच्या पट्ट्या काढतील. सारखं सारखं मशीनवर चढवलं की दर वेळी थोडा टिश्यू वाया जातो. बाकी ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. साध्या डबीत, कापसात गुंडाळून, हातातल्या बॅगेत ठेवा. रिपोर्ट आला की सीके७ किती टक्के पेशींत लिहिलंय ते इथे टाका, मी बघते.